वरच्या आळीतले नळ

“अध्यक्षकाका, आमच्या वरच्या आळीला यंदा काय देणार आहात? की आम्ही नुसतं चढ चढत बसायचं?”

हा प्रश्न तिचा नव्हताच मुळी. चष्मिष आणि गोटी या तिच्या दोन मैत्रिणींनी तो शाळेच्या कट्ट्यावर बसून रचला होता, तिच्या गळ्यात अडकवला होता आणि वर अटही घातली होती, “भर सभेत उभं राहून विचारायचं. नाही विचारलंस तर उद्यापासून तुझं भोंगा हे नाव बंद. तुला शिट्टी म्हणणार. तीसुद्धा फुटकी!”

भोंगा हे नाव म्हणजे तिच्या छातीवरचं पदक होतं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात तिचा आवाज फक्त हजेरीला निघायचा, तोही बाईंनी दोनदा नाव पुकारल्यावर. मग यंदा शाळेचं नाटक ऐन रंगात आलेलं असताना माईक बंद पडला, बाकीची पात्रं ओठ हलवत उभी राहिली, आणि हिने मात्र आपलं भाषण असं काही ठोकलं की मागच्या रांगेत डुलक्या काढणारे मुख्याध्यापक दचकून उठले. त्या दिवसापासून ती भोंगा झाली. एवढं कमावलेलं नाव एका प्रश्नापायी घालवायचं? छे!

तर पंचायतीच्या सभागृहात अंदाजपत्रकाची सभा चालू होती. या सभेला लोक येतात ते पंख्याखाली बसायला. लेखनिकांनी गटारांची सफाई, रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी असं एकेक कलम अंगाई म्हटल्यासारखं वाचून दाखवलं होतं. “कुणाला काही विचारायचंय?” असं म्हणताना त्यांनी कागद आवरायला घेतलेसुद्धा होते, कारण दरवर्षी कुणालाच काही विचारायचं नसतं. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

सगळ्या माना वळल्या. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “कुणाची गं ही?” दुसरे म्हणाले, “बस डेपोतल्या मेकॅनिकची. वर राहतात.”

अध्यक्ष खूश झाले. आपल्या सभेत कुणीतरी जागं होतं याचाच त्यांना आनंद. “शाब्बास! तरुण पिढीने असंच विचारलं पाहिजे. लेखनिक, बघा बरं वरच्या आळीचं काय आहे.”

लेखनिकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “वरची आळी… पाण्याची मीटरं चांगली फिरतायत, साहेब. घरं भरलेली दिसतात. उलट खालच्या आळीचा वापर घटलाय.”

“म्हणजे माणसं वर, आणि नर्सबाईंची फिरत्या दवाखान्याची गाडी उभी राहते खाली!” अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. “हा कुठला न्याय? गावाला थांबा एकच मिळतो, तो माणसं असतील तिथे हवा. या महिन्यापासून गाडी वरच्या आळीत उभी राहील. लिहून घ्या.”

टाळ्या पडल्या. खऱ्याखुऱ्या टाळ्या! एका प्रश्नावर आख्खी नर्स मिळाली होती. चष्मिष आणि गोटी तोंडाचा आ करून बघत राहिल्या. भोंग्याला वाटलं, आपली उंची आत्ताच्या आत्ता वाढली असणार, घरी गेल्यावर दाराच्या चौकटीला डोकं आपटणार.

मग तिने आईकडे पाहिलं. आई शेवटच्या रांगेत, मांडीवर शिंप्याकडचे सदरे घेऊन काजं करत बसली होती. साऱ्या सभेत टाळी न वाजवणारी तेवढी एकटीच होती. तिची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली होती.

घरी जाताना आई सदरे काखेत धरून झपझप चढत होती. भोंगा मात्र बोलतच होती, अध्यक्षांची नक्कल करत होती, लेखनिकांच्या चष्म्याची नक्कल करत होती. शेवटी आळीच्या तोंडाशी पोचल्यावर आई म्हणाली, “काय गरज होती गं?”

“अगं, नर्स मिळाली आपल्याला!”

“आपल्याला म्हणजे कुणाला?” आईने विचारलं, आणि आळीकडे नुसतं बघितलं.

आळीत संध्याकाळ उतरली होती. दोन्ही बाजूंना घरं होती, बंद दारांची. शेवटच्या घराच्या ओट्यावर बाबांच्या चपला होत्या. त्या सोडल्या तर संबंध आळीत माणसाची अशी एक खूण नव्हती.

*

आता ही भानगड नीट सांगायला हवी, कारण खालच्या आळीत ती कुणालाच ठाऊक नव्हती.

वरच्या आळीतून पहिले गेले ते घड्याळवाले काका आणि काकू. मुलाकडे थोडे दिवस जाऊन येतो म्हणाले, हातात दोन बॅगा, बाकी सामान जिथल्या तिथे. जाताना काकू आईच्या हातात चावी देऊन म्हणाल्या, “वहिनी, अधूनमधून नळ सोडत जा हं. नाहीतर पाइप गंजून बसतील, आम्ही आलो की हाल.” आईने मान डोलावली. पुढे समोरच्या मास्तरीणबाई गेल्या. मग सुतार आणि त्याची आई. सगळे थोडे दिवसच जात होते, सगळ्यांच्या हातात बॅगाच होत्या, आणि प्रत्येकाची चावी भोंग्याच्या आईकडे. दाराच्या आतल्या बाजूला एक फळी होती, तिच्यावर बाबांनी खिळे ठोकून दिले होते. चाव्या खिळ्यांवर आल्या, माणसं आली नाहीत. सुरुवातीला फोन तरी यायचे. “छप्पर गळत नाही ना?” वगैरे. मग तेही आटले.

आणि मग पंचायतीचा नियम आला. ज्या आळीत पाणी फिरत नाही ती आळी रिकामी धरायची. तिथले दिवे बंद, कचऱ्याची गाडी बंद, आणि पाण्याची मुख्य झडपसुद्धा बंद. उरलेल्यांनी खाली खोली बघावी. मीटर वाचायला येणारा माणूस दार काही वाजवायचा नाही. भिंतीवरच्या मीटरमध्ये डोकवायचा, आकडा टिपायचा, चालायला लागायचा.

त्या दिवशी आई पहिल्यांदा फळीपुढे बराच वेळ उभी राहिली होती. नंतर ती म्हणाली, “नळ आपण सोडतोच. थोडे जास्त सोडू.” बाबांनी वर बघितलं नाही. ते हातावरचं ग्रीस घासत होते, निघून गेलं तरी घासत होते.

म्हणजे पाइप गंजू नयेत म्हणून सुरू झालेलं काम आता आळी जिवंत आहे हे दाखवायला चालू राहिलं. शाळेतून आलं की चाव्यांचा झुपका घ्यायचा आणि घराघरांत जाऊन नळ सोडायचे, ही भोंग्याची ड्यूटी. अंधार पडायच्या आत आई जाऊन कुठे पुढच्या खोलीतला, कुठे स्वयंपाकघरातला दिवा लावून यायची. खालून बघणाऱ्याला वाटायचं, वरच्या आळीचं बरं चाललंय की! कुणी विचारलंच तर आई म्हणायची, “असतात येऊन-जाऊन.”

भोंग्याला सुरुवातीला मजा वाटायची. प्रत्येक घराचा वास वेगळा. मास्तरीणबाईंकडे खडू आणि कापूस, सुताराकडे भुसा, घड्याळवाल्यांकडे तेलाचा बारीक, थंड वास. तिथल्या भिंतीवर घड्याळंच घड्याळं, आणि सगळी बंद, प्रत्येकाची वेळ निराळी. नळाची धार मोरीत पडत राहायची आणि पाणी वाहून जायला लागणारा वेळ कसा घालवायचा म्हणून ती बोलायला लागली. आधी हळू. मग मोठ्याने. खुर्च्यांना उद्देशून, “नमस्कार मंडळी!” असं. पलंगाला रागवायची, कपाटाची थट्टा करायची. मास्तरीणबाईंच्या खोलीत आवाज कसा घुमतो, घड्याळवाल्यांकडे कसा काचांवर आपटून परत येतो, हे तिला पाठ झालं होतं. नाटकाच्या दिवशी माईक बंद पडला तेव्हा ती घाबरली नाही ती यामुळे. शाळेला वाटलं, मुलगी एका रात्रीत धीट झाली. शाळेला काय माहीत की ही पोर वर्षभर रिकाम्या घरांशी गप्पा मारत आलीय!

फक्त एक गोष्ट त्या घरांनी कधी केली नाही. उलट उत्तर दिलं नाही.

आणि मैत्रिणींना ती कधीच “घरी चला” म्हणू शकली नाही. त्या मागे लागल्या की म्हणायची, “आमच्याकडे कुत्रा आहे. फाडून खातो.” कुत्र्याचा रंग काळा, नाव वाघ्या, एक कान फाटका, असं सगळं तिने तपशीलवार रचलं होतं. गोटी तर वाघ्याला घाबरून चढाच्या पायथ्यापाशीसुद्धा थांबायची नाही. भोंगा रोज त्या चढावरून एकटी वर यायची. कधीकधी तिला वाटायचं, असता खरंच एखादा वाघ्या तर किती बरं झालं असतं.

*

नर्सबाईंची गाडी आली ती आळीच्या मधोमध, दिव्याच्या खांबाखाली उभी राहिली. नर्सबाई जाडजूड, खेळकर होत्या. त्यांनी मागचं दार उघडलं, घडीचं टेबल मांडलं, त्यावर रक्तदाबाचं यंत्र ठेवलं आणि वाट बघत बसल्या.

कोणी येणार कुठून?

आईने भोंग्याला ढकललं. “जा, तपासून घे.”

“मला काय झालंय?”

“काही झालं नाही तेच विचारून ये.”

भोंग्याने रक्तदाब मोजून घेतला. मग आईने मोजला. बाबा डेपोतून लवकर आले होते, त्यांनी मोजला. थोड्या वेळाने आईने भोंग्याला पुन्हा पाठवलं. “डोकं दुखतंय म्हणून सांग.”

“दुखत नाहीये.”

“दुखेल.”

नर्सबाईंनी पट्टा पुन्हा तिच्या दंडाला गुंडाळला आणि आळीवरून नजर फिरवली. “काय गं, बाकीची मंडळी कुठे आहेत?”

“कामाला गेलीत.”

“सगळी? म्हातारेकोतारेसुद्धा?”

“आमच्याकडे म्हातारे फार कामसू आहेत,” भोंगा म्हणाली. नर्सबाई इतक्या हसल्या की पट्टा सुटला. हसून झाल्यावर त्यांनी पिशवीतून लोकर काढली आणि विणत बसल्या. गाडी जायची वेळ होईपर्यंत विणतच होत्या. जाताना म्हणाल्या, “खाली बसायचे तेव्हा श्वास घ्यायला सवड नसायची. इथे स्वेटर होईल माझा.”

भोंगा दंडावरचा पट्ट्याचा वळ चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत चष्मिष तिच्याशेजारी बसली नाही. ती गोटीजवळ जाऊन बसली, आणि गोटीने दप्तर मध्ये ठेवलं.

“काय झालं?” भोंग्याने मधल्या सुट्टीत विचारलं.

“आजोबांच्या पायाची पट्टी बदलली नाही,” चष्मिष डबा उघडत, तिच्याकडे न बघता म्हणाली. “नर्सबाई आल्याच नाहीत. वर गेल्या ना, तुमच्याकडे.”

चष्मिषचे आजोबा म्हणजे रंगारी आजोबा. गावातलं निम्मं लाकूडकाम त्यांच्या हातून रंगलेलं. आता पायाला जखम होती, ती भरता भरत नव्हती. दर वेळी नर्सबाईंची गाडी त्यांच्या घराजवळच उभी राहायची, त्या जखम धुवायच्या, पट्टी बांधायच्या आणि आजोबा त्यांना जुन्या रंगांच्या गोष्टी सांगायचे.

“पण… प्रश्न तुम्हीच दिला होता मला,” भोंगा म्हणाली.

“आम्ही गंमत म्हणून दिला होता. तुला काय माहीत नव्हतं गाडीला थांबा एकच असतो ते?” चष्मिषचा आवाज चिरकला. “आणि तुमच्याकडे इतकी माणसं आहेत तर कुणीतरी म्हणायचं ना, आम्ही येतो खाली चालत, म्हाताऱ्यांना नका चढवू. एकालाही वाटलं नाही?”

भोंग्याच्या जिभेवर सगळं आलं होतं. इतकी माणसं नाहीत गं. माणसंच नाहीत. पण डोळ्यांपुढे आई आली, फळीवरच्या चाव्या आल्या. तिने गिळून टाकलं. “वाघ्या असतो ना,” ती काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाली. चष्मिष उठून गेली.

त्यानंतर शाळेत भोंगा पुन्हा फक्त हजेरीला बोलू लागली. नळ सोडायला गेल्यावरही ती गप्प असायची. खुर्च्यांना नमस्कार करावासा वाटेना. पाणी मोरीत पडायचं, त्याचा आवाज ऐकत ती घड्याळवाल्यांच्या पलंगाच्या कडेवर बसायची, आणि भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळा धरून बसलेली असायची.

*

पुढच्या वेळी गाडी यायच्या आधीच आई म्हणाली, “नर्सबाईंना शंका आलीय. आज दोन-तीन घरांत नळ सोडून ठेव, म्हणजे आत माणसं आहेत असं वाटेल. आणि आवाज झाला पाहिजे, बादलीत सोड.”

“आई, बादलीत सोडून माणसं कशी होतील?”

“जा म्हटलं ना.” आई चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती विनवत होती.

भोंगा गेली. मास्तरीणबाईंचा नळ सोडला, सुताराचा सोडला, आणि शेवटी घड्याळवाल्यांकडे जाऊन दार आतून लावून घेतलं. त्यांची बादली लोखंडी होती, तिच्यावर धार पडली की असा दणदणाट व्हायचा जणू घरात लग्नाचं पाणी भरतंय.

बाहेर काठी वाजली.

टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक.

“थांबा आजोबा. बसा इथे ओट्यावर. गाडी ती काय, दिसतेय,” हा चष्मिषचा आवाज होता.

भोंगा जागच्या जागी थिजली. चष्मिष वर आली होती! कुत्र्याला न घाबरता, आजोबांना धरून, तो सगळा चढ चढून.

“दम लागला गं,” आजोबा म्हणाले. त्यांचा श्वास दारातून आत ऐकू येत होता. “हे घड्याळवाल्यांचं ना? हे दार मी रंगवलंय. दोन हात दिले होते. रंगवताना या घरची बाई दर थोड्या वेळाने विचारायची, पाणी देऊ का, पाणी देऊ का. शेवटी मी म्हटलं, बाई, एवढं पाणी प्यायलो तर रंगात मिसळेल!” ते हसले, हसता हसता खोकले. मग म्हणाले, “ऐक. नळ चालू आहे आत. आहेत घरात.”

आणि त्यांनी दार वाजवलं.

“वहिनी! मी रंगारी. घोटभर पाणी द्याल का?”

भोंगा नळाशी उभी होती. बादली भरून वाहत होती, पाणी तिच्या पावलांवरून मोरीत जात होतं. दार चार पावलांवर होतं. कडी काढली की झालं. पण कडी काढली की चष्मिष विचारणार, तू इथे काय करतेस? काकू कुठे आहेत? आणि मग ही धूळ बसलेली खोली, बंद घड्याळं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर येणार. संध्याकाळपर्यंत गावभर होणार. आळीतले दिवे जाणार. आईचा चेहरा… तिने नळाकडे हात नेला. बंद करावा, तर आवाज थांबेल आणि त्यांना कळेल की आत कुणीतरी ऐकतंय. चालू ठेवावा, तर…

तिने हात तसाच नळावर ठेवला. ना नळ बंद केला, ना हात काढला. जी पोर भर सभेत अध्यक्षांना बेधडक प्रश्न विचारते, ती एका म्हाताऱ्या माणसाला “आले हं” एवढं म्हणू शकली नाही.

“वहिनी?” आजोबांनी पुन्हा वाजवलं, या वेळी हळू. वाट बघितली. मग त्यांचा आवाज बदलला. “राहू दे. चल बाळ.”

“आजोबा, मी भोंग्याच्या घरून आणते ना पाणी. शेवटचं घर आहे त्यांचं.”

“नको.”

“मग गाडीपर्यंत तरी चला. एवढं चढलात…”

“ज्यांच्या आत नळ वाहतोय आणि दाराशी आलेल्याला घोटभर पाणी देववत नाही, त्यांच्या आळीत मला पट्टीही नको.” काठी वाजली. “उतरायला सोपं असतं. चल.”

चष्मिष रडत होती. ती मुसमुसत म्हणाली, “आणि त्यांचा तो कुत्रा पण नाहीये कुठे.”

टक. टक. मग वळणाच्या पलीकडे काही ऐकू येईनासं झालं.

भोंग्याने नळ बंद केला. घर असं शांत झालं की तिला आपल्या फ्रॉकमधून ठिबकणारं पाणी ऐकू आलं. कडी काढून ती बाहेर आली तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. आजोबा बसले होते तेवढी जागा धुळीतून पुसली गेली होती. त्या ओट्यावर इतक्या दिवसांत बसलेलं पहिलं माणूस, आणि ते दार न उघडल्यामुळे उठून गेलं.

ती गाडीकडे धावली. नर्सबाई विणत होत्या, स्वेटरला एक बाही आली होती.

“खाली जाल का? प्लीज, खाली रंगारी आजोबांकडे…”

“मला इथेच उभं राहायचंय असं कागदावर आहे, पोरी. औषधांची गाडी सोडून मला हलता येत नाही.” त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि तिच्या ओल्या पायांकडे पाहिलं. “एक विचारू? खरं सांगशील? या आळीत माणसं किती राहतात?”

मागे मास्तरीणबाईंच्या घरात नळ वाहत होता. सुताराच्या घरात वाहत होता.

“तीन,” भोंगा म्हणाली. तिच्या आयुष्यात ती इतक्या हळू कधी बोलली नव्हती.

नर्सबाईंनी मान डोलावली, जणू दुखणं काय आहे हे त्यांना आधीच माहीत होतं, फक्त रोग्याने सांगायची खोटी होती. “मला वाटलंच. मला तीनच दंड सापडतायत, आणि त्यातला एक दर वेळी ‘डोकं दुखतंय’ म्हणतो.” मग त्यांनी लोकर गुंडाळायला घेतली. “पण मला सांगून काय होणार गं? मला जिथे उभं करतात तिथे मी उभी राहते. ज्यांनी उभं केलंय त्यांना सांग.”

*

दिवेलागणीला आई फळीपाशी आली आणि थबकली. खिळे रिकामे होते. चाव्यांचा झुपका भोंग्याच्या मांडीवर होता, आणि भोंगा दारात, उंबऱ्यावर आडवी बसली होती. बाबा हात पुसत आतून आले.

“दे इकडे. दिवे लावायची वेळ झाली,” आई म्हणाली.

“आई, आज रंगारी आजोबा आले होते. घड्याळवाल्यांच्या दाराशी पाणी मागत होते. मी आत होते.”

आईचा पुढे केलेला हात हळूहळू खाली आला. “मग?”

“मी उघडलं नाही. ते पट्टी न बांधता परत गेले.”

बाबा टॉवेल हातात धरून उभे राहिले. आळी अंधारत चालली होती, आणि आज कुठल्याच खिडकीत दिवा नव्हता. आळी पहिल्यांदाच जशी होती तशी दिसत होती.

“लोकांनी विश्वासाने दिल्यात गं चाव्या,” आई म्हणाली.

“पाइप गंजू नयेत म्हणून दिल्यात. नर्स पळवायला नाही दिल्या.”

“तुला कळतंय का काय होईल? दिवे काढतील. पाणी तोडतील. खाली कुठेतरी दुसऱ्याच्या खोलीत राहावं लागेल. आणि हे सगळे परत आले म्हणजे? मी काय तोंड दाखवू? काकू म्हणतील, एवढंसं सांगितलं होतं वहिनींना…” आईचा आवाज मध्येच तुटला. तिने घड्याळवाल्यांच्या बंद घराकडे बघितलं, मग मास्तरीणबाईंच्या, मग सुताराच्या, जणू ओळीने सगळ्यांना हाक मारत होती. “मी दिवे लावते ना रोज, तेव्हा खरंच वाटतं गं. घटकाभर वाटतं की सगळे आहेत.”

भोंग्याला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं, रिकाम्या घरांशी बोलणारी आपणच एकटी. तिला आईला मिठी मारावीशी वाटली, पण मिठी मारली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

“ते फोन करत नाहीत, आई.”

“करतील.”

“बरं, करतील. तेव्हा मी बोलेन त्यांच्याशी. सगळं सांगेन, माझ्यावर ढकल.”

बाबा खाली बसले, आईच्या पायाशी, पायरीवर. “पोरगी काय म्हणतेय ते पुरतं ऐकू तरी,” ते आईला म्हणाले. आणि मग भोंग्याकडे वळून, “बोला बाईसाहेब. काय ठरवलंय?”

ती उठून उभी राहिली. चाव्या खणखणल्या. समोर फक्त आई आणि बाबा होते, पण दोघंही तिच्याकडे बघत होते, आणि खुर्च्या कधी असं बघत नाहीत. तिचा आवाज सुटला, आणि अंधाऱ्या आळीत पार टोकापर्यंत गेला.

“उद्या सकाळी आधी मी रंगारी आजोबांकडे जाणार. दारामागे मी होते, हे त्यांना आणि चष्मिषला सांगणार. कुत्रा नाही, हेही सांगणार. तिथून पंचायतीत. अध्यक्षकाकांना सांगणार की वरच्या आळीत तीन माणसं राहतात आणि नळ मी सोडत होते, आता सोडणार नाही. गाडी खाली न्या. मग ते दिवे काढोत, पाणी काढोत, काय काढायचं ते काढोत. आई, तू आलीस तर मला खूप बरं वाटेल. नाही आलीस तरी मी जाणार आहे.”